शत्रूच्या घरचं मलम

२०१८ सालच्या पावसाळ्यात माझ्या अम्मीच्या पायाला जखम झाली. कारण अगदी साधं. नव्या चपलेचा पट्टा घासून करंगळीच्या बुडाशी फोड आला. मधुमेह वीस वर्षांचा, त्यामुळे तळपायाची जाणीव बरीच गेलेली. फोड फुटला तरी तिला कळलं नाही. चादरीवर डाग दिसला तेव्हा आम्हाला कळलं. मग तीन महिने ती जखम भरेना.

गझला लिहिणाऱ्या माणसाच्या घरात 'जखम' या शब्दाला तोटा नसतो. शब्द मूळचा फारसी, पण मराठीनं तो कधीच आपला केला. 'मलम' हा अरबी 'मरहम'चा मराठी अवतार. आणि वर्षानुवर्षं वाहत राहणाऱ्या जखमेला उर्दू कवी 'नासूर' म्हणतात, तोही अरबीच. हे तिन्ही शब्द मी कवितेत मनसोक्त वापरले आहेत. पण खरी न भरणारी जखम रोज सकाळी उघडून पाहणं म्हणजे काय, हे त्या तीन महिन्यांत समजलं. तिच्या तळाशी पिवळट, चिवट थर जमलेला असतो. ते मेलेलं मांस. ते निघाल्याशिवाय खालून नवं मांस वर येत नाही, आणि ते काही केल्या निघत नाही.

शेवटी एका सर्जननी एक मलम लिहून दिलं. डब्यातला कागद वाचायची मला खोड आहे. त्यात लिहिलं होतं की हे मलम 'क्लॉस्ट्रिडियम हिस्टोलिटिकम' नावाच्या जिवाणूपासून मिळवलेलं आहे. नाव शोधलं तर कळलं की हा जिवाणू पहिल्या महायुद्धात सैनिकांच्या सडलेल्या जखमांत सापडलेला. मी अम्मीला हे सांगितलं, सांगायला नको होतं. ती म्हणाली, "जंतूंनी सडवलेला पाय तुम्ही जंतूंच्याच हवाली करता का रे?"

त्या प्रश्नाचा माग काढत मी बराच फिरलो. मी बी.ए. झालेला माणूस, शास्त्राशी संबंध शाळेपुरता. तेव्हा पुढचं सगळं डॉक्टरी सल्ला म्हणून ऐकू नका, इतिहास म्हणून ऐका.

हा इतिहास हिरव्या पट्ट्यांपासून सुरू होतो. एकोणिसाव्या शतकातल्या इस्पितळांत जखमांवरच्या पट्ट्या कधी कधी निळ्या-हिरव्या होत. १८८२ साली फ्रान्समधल्या कार्ल गेसार या लष्करी औषधनिर्मात्यानं तो रंग करणारा जिवाणू वेगळा काढला. आज त्याला स्यूडोमोनास म्हणतात, आणि भाजलेल्या रुग्णांच्या वॉर्डात अजूनही त्याची धास्ती असते. पण त्याच्या आधी पाच वर्षं, १८७७ मध्ये, पाश्चर आणि त्यांचे सहकारी जूल्स जुबेर यांच्या एक गोष्ट लक्षात आली होती. काळपुळीचे, म्हणजे अँथ्रॅक्सचे जिवाणू वाढवताना त्यात दुसरे साधे जिवाणू शिरले तर काळपुळीचे जिवाणू मागे पडत. म्हणजे जिवाणूंतही भाऊबंदकी आहे, आणि ती आपल्या कामी येऊ शकेल.

म्युनिकमधल्या रुडॉल्फ एमेरिख आणि ऑस्कर ल्योव या दोघांनी १८९९ साली ही कल्पना अंमलात आणली. त्यांनी हिरव्या पुवाचा जिवाणू काढ्यात वाढवला, कित्येक दिवस तसाच ठेवला आणि मग गाळून त्या पाण्यापासून औषध केलं. नाव 'पायोसायनेज'. ते दुसरे जंतू मारत असे. काही वर्षं विकलंही गेलं. पण एका बाटलीसारखी दुसरी बाटली निघत नसे. एखादी गुण देई, एखादी त्रासच देई. ते मागे पडलं यात नवल नाही. तरी जिवाणू स्वतः न वापरता त्यानं पाण्यात सोडलेलं द्रव्य वापरायचं, ही पुढच्या सगळ्या गोष्टीची गुरुकिल्ली त्या दोघांच्या हाती आली होती.

मग आलं १९१४. फ्लँडर्सची आणि उत्तर फ्रान्सची जमीन म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या शेणखत घातलेली शेती. त्या मातीत खंदक खणले गेले. तोफगोळ्याचा तुकडा शरीरात घुसताना माती आणि मळक्या गणवेशाची चिंधी बरोबर घेऊन जाई. आपल्या हिंदी फौजाही तिथं होत्या. मार्च १९१५ मधल्या न्यव्ह शापेलच्या लढाईत त्यांनी मोठा मार खाल्ला. शेतातल्या मातीत असे जिवाणू असतात की ज्यांना प्राणवायू चालत नाही. हवा न पोचणाऱ्या खोल जखमेत त्यांना आयतं घर मिळालं. मांसात वायूचे बुडबुडे होत, कातडीवर दाबलं की कुरकुर आवाज येई, आणि चांगला धडधाकट जवान एक-दोन दिवसांत जाई. हाच तो गॅस गँगरीन. बुलोनच्या लष्करी इस्पितळात तेव्हा अलेक्झांडर फ्लेमिंग नावाचा तरुण डॉक्टर होता. त्यानं काचेची खोटी जखम बनवून दाखवलं की जंतुनाशकं अशा जखमेच्या कोनाकोपऱ्यांत पोचतच नाहीत. पुढे पेनिसिलीनमुळे प्रसिद्ध झाला तोच हा.

पॅरिसच्या पाश्चर संस्थेत मिशेल वाइनबर्ग नावाचे शास्त्रज्ञ होते. मूळचे ओडेसाचे, फ्रान्समध्ये स्थायिक झालेले. सेगँ या सहकाऱ्याबरोबर त्यांनी या जखमांतले जंतू एकेक करून वेगळे काढायला सुरुवात केली. १९१६ मध्ये त्यांना एक अगदी वेगळा जिवाणू मिळाला. प्रयोगशाळेतल्या प्राण्याच्या मांडीत तो टोचला तर काही तासांतच मांस विरघळून खाली हाड उघडं पडे. म्हणून त्याचं नाव ठेवलं 'हिस्टोलिटिकम', म्हणजे शरीराची वीण विरघळवणारा. इतर जंतू मांस सडवतात, हा विरघळवतो. ही नोंद करून वाइनबर्ग लस आणि प्रतिविषाच्या मागे लागले. त्या वेळी दुसरं कोण काय करणार? माणसं मरत होती. हा जिवाणू पुढे जवळपास पस्तीस-चाळीस वर्षं ग्रंथांत एक भयंकर नाव म्हणूनच राहिला.

मधल्या काळात दुसरीकडे बरंच घडलं. त्यातल्या दोन गोष्टी मला सांगायच्याच आहेत.

पहिली मॉस्कोची. तिथं गेऑर्गी गाउझे नावाचे जीवशास्त्रज्ञ होते. तरुणपणी त्यांनी काचेच्या नळीत दोन जातींचे सूक्ष्मजीव एकाच अन्नावर सोडले आणि दाखवलं की एक जात टिकते, दुसरी संपते. जगण्याच्या झगड्यावरचं त्यांचं पुस्तक १९३४ मध्ये आलं, आणि तो सिद्धांत आजही त्यांच्याच नावानं शिकवला जातो. युद्ध सुरू झाल्यावर या माणसानं तोच झगडा इस्पितळाच्या कामाला लावला. १९४२ मध्ये त्यांनी आणि मारिया ब्राझ्निकोव्हा यांनी मातीतल्या एका जिवाणूपासून जंतुनाशक द्रव्य मिळवलं. अमेरिकेत रने द्यूबो यांनी १९३९ मध्ये मातीतल्याच जिवाणूपासून ग्रॅमिसिडिन काढलं होतं, त्याचंच हे भावंड. म्हणून याला नाव दिलं ग्रॅमिसिडिन एस. एस म्हणजे सोव्हिएत. रक्तात टोचलं तर ते विषारी, पण जखमेवर वरून लावलं तर कामाचं. लाल सेनेच्या इस्पितळांत ते चिघळलेल्या जखमांवर वापरलं गेलं. १९४४ मध्ये ते इंग्रज शास्त्रज्ञांकडेही पोचलं, आणि ऑक्सफर्डमध्ये डोरोथी हॉजकिन यांच्या हाताखाली त्याच्या स्फटिकांवर एका विद्यार्थिनीनं पदवीचं काम केलं. तिचं नाव मार्गारेट रॉबर्ट्स. लग्नानंतर ती मार्गारेट थॅचर झाली. सोव्हिएत मलमावर शिकलेली ही बाई पुढे सोव्हिएत सत्तेची कशी कडवी विरोधक झाली, ते आपण पाहिलंच आहे.

दुसरी गोष्ट न्यूयॉर्कची, आणि ती तुमच्या-आमच्या घरातली आहे. १९४३ मध्ये कोलंबिया विद्यापीठाच्या इस्पितळात सात वर्षांची एक मुलगी आणली गेली. रस्त्यावरच्या अपघातात तिच्या नडगीचं हाड मोडून बाहेर आलं होतं. जखमेतून काढलेल्या मांसाच्या तुकड्यांत बाल्बिना जॉन्सन या जिवाणुतज्ज्ञ बाईंना एक चमत्कार दिसला. धोकादायक जंतू होते तिथं त्यांच्याच शेजारी एक साधा जिवाणू वाढत होता, आणि त्याच्या सान्निध्यात बाकीचे नाहीसे होत होते. फ्रँक मेलेनी या सर्जनबरोबर त्यांनी त्या जिवाणूचं द्रव्य वेगळं काढलं. जिवाणू 'बॅसिलस', मुलीचं आडनाव ट्रेसी; दोन्ही जोडून नाव झालं 'बॅसिट्रासिन'. १९४५ मध्ये ही हकिकत प्रसिद्ध झाली. आपल्या घरोघरी फ्रिजच्या दारात किंवा देवळीत निओस्पोरिनची जी ट्यूब असते, तिच्यात हे द्रव्य आहे. बरोबर निओमायसिन आणि पॉलिमिक्सिन बी ही आणखी दोन औषधं आहेत, आणि तीही जिवाणूंपासूनच मिळालेली. खरचटलेल्या गुडघ्यावर आपण लावतो तो तीन जिवाणूंचा ऐवज असतो.

पण अम्मीच्या जखमेला अशा ट्यूबचा उपयोग नव्हता. आम्ही आधी तीच लावत होतो. ताज्या खरचटण्याला जंतूंपासून राखायला ती ठीक. महिनोन्‌महिने न भरलेल्या जखमेत मुख्य अडथळा मेलेल्या मांसाचा असतो, आणि जंतू मारून मेलेलं मांस जागचं हलत नाही. उलट अशी मलमं फार दिवस लावली तर काहींच्या कातडीला निओमायसिनची ॲलर्जी होते, ती वेगळीच.

मेलेलं मांस निघत का नाही, याचं उत्तर कोलॅजेनमध्ये आहे. आपल्या शरीरातल्या प्रथिनांचा साधारण तिसरा हिस्सा या एका प्रथिनाचा असतो. कातडी, स्नायुबंध, हाडं सगळी त्याच्यावर उभी. त्याची रचना तिपेडी दोरासारखी असते, आणि हे १९५४ मध्ये मद्रास विद्यापीठात जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कार्था यांनी मांडलं, याचा आपल्याला अभिमान वाटायला हरकत नाही. हा दोर इतका घट्ट वळलेला असतो की पोटात अन्न पचवणारी नेहमीची विकरं, म्हणजे एन्झाइम्स, त्याला सहज तोडू शकत नाहीत. जखमेतलं मेलेलं मांस या दोरांनीच खालच्या जिवंत मांसाला बांधलेलं असतं. सुरीनं खरवडता येतं, पण वेदना होतात, रक्त जातं, आणि रक्तपुरवठा आधीच कमी असलेल्या मधुमेही पायाला ते नेहमी झेपत नाही. इथं हवी ती दोर कापणारी बारीक कात्री. अशी कात्री कोणाकडे होती? वाइनबर्ग यांच्या त्या भयंकर जिवाणूकडे.

ती कात्री वेगळी काढली ती इनेस मँडल या बाईंनी. त्यांची कहाणी वाचताना मी मधेच थांबलो होतो. १९१७ साली व्हिएन्नात ज्यू कुटुंबात जन्म. विशीच्या आतच लग्न. १९३८ मध्ये हिटलरनं ऑस्ट्रिया गिळली आणि नवरा-बायको देश सोडून पळाले. आधी लंडन, मग आयर्लंडमधलं कॉर्क. तिथं त्या रसायनशास्त्र शिकल्या. १९४५ मध्ये न्यूयॉर्कला आल्या आणि तिथं त्यांना गुरू मिळाला तो कार्ल नॉयबर्ग. एके काळी बर्लिनमधल्या जीवरसायन संस्थेचा प्रमुख, जगभर नाव असलेला माणूस. ज्यू म्हणून नाझींनी त्याला खुर्चीवरून उठवलं होतं. दोन निर्वासित एका परक्या शहरात विकरांवर काम करत बसले. १९४९ मध्ये मँडल यांनी ब्रुकलिनच्या पॉलिटेक्निकमधून डॉक्टरेट मिळवली आणि त्या कोलंबियात आल्या. हो, बॅसिट्रासिन सापडलं तेच कोलंबिया.

१९५३ मध्ये त्यांचा, मॅक्लेनन आणि हाउज यांच्यासह, लेख प्रसिद्ध झाला. हिस्टोलिटिकम वाढवलेल्या पाण्यातून त्यांनी कोलॅजेन तोडणारं विकर, कोलॅजिनेज, निराळं केलं होतं. हे काम ऐकायला सोपं वाटतं. त्या पाण्यात जिवाणूची मारक विषंही असतात, इतर प्रथिनं कुरतडणारी विकरंही असतात. धान्यातून खडे निवडावेत तशी एकेक गोष्ट बाजूला काढत जायचं, आणि दर पायरीला तपासायचं की कात्रीची धार शाबूत आहे ना. हाउज हे सर्जन होते; पुढे त्यांनी आणि मँडल यांनी ही विकरं प्राण्यांच्या खोल भाजलेल्या जखमांवर वापरून पाहिली. १९६५ मध्ये अमेरिकेत कोलॅजिनेजच्या मलमाला परवानगी मिळाली. त्यात जिवंत जिवाणू एकही नसतो, फक्त त्याची कात्री असते. सैनिकांची मांडी खाणारी जी शक्ती होती, तीच मोजून-मापून लावली की मेलेल्या मांसाचे दोर कापते आणि ते अलगद सुटतं. जिवंत मांसाला मात्र फारसा धक्का लागत नाही.

विकरांचा हा रस्ता एकट्या मँडल यांचा नव्हता, हेही सांगायला हवं. घसा आणि जखमा बिघडवणारे स्ट्रेप्टोकोकस जंतू रक्ताची गुठळी विरघळवतात, हे विल्यम टिलेट यांनी १९३३ मध्येच पाहिलं होतं. पुढे त्याच जंतूचं दुसरं एक विकर पुवाला पातळ करतं हेही कळलं, कारण पू दाट होतो तो मेलेल्या पेशींच्या डीएनएच्या धाग्यांमुळे. १९४९ मध्ये टिलेट आणि शेरी यांनी छातीत साचलेलं रक्त आणि पू काढायला ही जोडी वापरली, आणि नंतर काही दशकं ती पायाच्या जखमांवरही लावली गेली. त्यातलं स्ट्रेप्टोकायनेज आपल्याला वेगळ्या कारणानं माहीत आहे: हार्ट ॲटॅक आल्यावर कित्येकांना ते इंजेक्शन मिळालं आणि माणूस घरी परत आला.

आणखी एक वाट तर स्वयंपाकघरातून जाते. व्हिनेगरच्या बरणीत वर जी जाड साय धरते, ती एक जिवाणू विणतो, आणि ती शुद्ध सेल्युलोजची असते, हे इंग्लंडमधल्या एड्रियन ब्राउन यांनी १८८६ मध्ये दाखवलं. शंभरेक वर्षांनी ब्राझीलमध्ये तीच साय धुऊन, वाळवून भाजलेल्या आणि न भरणाऱ्या जखमांवर तात्पुरती कातडी म्हणून घालू लागले.

पण जिवाणूचं म्हणजे गुणाचंच, असं समजू नये. रेशमाच्या किड्याच्या आतड्यातल्या जिवाणूपासून केलेलं सेराशिओपेप्टिडेज सूज उतरवायला म्हणून जपाननं जगाला दिलं. २०११ मध्ये जपानी कंपनीनंच ते बाजारातून मागे घेतलं, कारण खोट्या गोळीपेक्षा त्याचा जास्त गुण सिद्ध करता आला नाही. आपल्याकडे दात काढला की अजूनही चिठ्ठीवर ते नाव दिसतं. कोलॅजिनेजच्या बाबतीतही डॉक्टरांत एकमत नाही. चांगल्या सुरीची जागा ते घेऊ शकत नाही असं म्हणणारे आहेत, आणि पायावरचा भार कमी केला नाही, साखर ताब्यात आली नाही, रक्तपुरवठा नसला, तर कोणतंही मलम हात टेकतं, यावर तर सगळ्यांचंच एकमत आहे.

आमच्या बाबतीत वेगळंच घडलं. पट्टी बदलायला अम्मीला घराजवळच्या एका दवाखान्यात नेत होतो. तिथला ड्रेसिंग करणारा माणूस मायाळू, तिला 'चाची' म्हणून हाक मारायचा, हळुवार हातानं पट्टी सोडायचा. दोन आठवडे झाले, जखम होती तशीच. मग एक दिवस मी आत उभा राहिलो. त्यानं आमचं मलम लावलं, आणि वरून चांगला जाड थर दिला पांढऱ्या मलमाचा, भाजल्यावर लावतात ते, चांदीच्या क्षाराचं. "चाची, डबल असर होईल," तो म्हणाला. मी खिशातला कागद काढला. त्यावर स्पष्ट लिहिलं होतं: चांदी, पारा अशा धातूंमुळे आणि काही डिटर्जंटमुळे या विकराची शक्ती जाते, तसलं काही लावलं असेल तर आधी सलाइननं जखम पुन्हा पुन्हा धुवा. म्हणजे दोन आठवडे आम्ही रोज कात्री आणत होतो आणि रोज तिची धार बोथट करत होतो. त्या माणसाला दोष तरी काय द्यायचा? तो कागद इंग्रजीत, मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरांत. त्याला तो कोणी कधी वाचून दाखवला नव्हता. आणि मी वाचला होता, पण नुसतं जिवाणूचं नाव शोधत बसलो, पुढची ओळ सोडून दिली.

त्यानंतर सलाइन, मलम, साधी पट्टी एवढंच केलं. सर्जननी जाड तळव्याची चप्पल दिली आणि चालणं कमी करायला लावलं. पिवळा थर कडेनं सुटायला लागला. खाली लाल, दाणेदार मांस दिसलं तेव्हा सर्जन अम्मीला म्हणाले, "आता याला हात लावू नका, हे चांगलं आहे." करंगळीच्या हाडापर्यंत आधीच जंतू पोचले होते, त्यामुळे ती काढावी लागली. पाय राहिला. ते दोन आठवडे वाया गेले नसते तर करंगळीही राहिली असती का, हे मी त्यांना विचारलं नाही.

२०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या अभ्यासात देशातल्या मधुमेहींची संख्या दहा कोटींच्या वर मांडली होती. त्यातल्या कितीजणांच्या घरी आज रात्री अशीच एखादी पट्टी सोडली जात असेल.

अम्मीला मी मँडलबाईंची सगळी गोष्ट सांगितली. व्हिएन्ना, आयर्लंड, न्यूयॉर्क. तिनं पहिल्यांदा विचारलं, "मुलंबाळं होती का तिला?" मला सांगता आलं नाही. मँडलबाई फार जगल्या. २०१० मध्ये त्याच कोलॅजिनेजचं इंजेक्शन अमेरिकेत आलं. तळहाताची आतली वीण आखडून बोटं मिटलेलीच राहतात, अशा रुग्णांच्या हातात ते टोचतात आणि बोटं पुन्हा उघडतात. १९५३ मध्ये वेगळी काढलेली ती कात्री या नव्या कामाला लागलेली त्यांनी पाहिली. २०१६ मध्ये, वयाच्या नव्व्याण्णवाव्या वर्षी, त्या गेल्या. अम्मीच्या पायाला जखम झाली, त्याच्या दोन वर्षं आधी.